विषय क्रमांक सात

"मोठी आई, तू सभेत कधी एकदा तरी तोंड उघडलंस का?"

प्रश्न माझा नव्हता, दुर्गेश्वरीचा होता. फक्त तोंड माझं. शनिवारी मधल्या सुट्टीत हातपंपाजवळ ती म्हणाली होती, "उत्पला, तुझी मोठी आई अकरा नंबर वॉर्डाची मेंबर हाय ना? माझे बाबा म्हणतात, ते सभेत नुसता आलुबोंडा खाऊन येते." मी म्हटलं, साफ खोटं. तर म्हणते, "खोटं हाय तं विचार ना तिले. सबके सामने. हिंमत है?" बाकीच्या दोघी खी खी करत पंपाचा दांडा हाणत राहिल्या.

ऑगस्टमध्ये तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत माझा पहिला नंबर आला. तेव्हापासून हिंमत आहे का असं कुणी विचारलं की मी उत्तर द्यायच्या आधीच माझी मान हो म्हणते.

आणि 'सबके सामने'ची सोय दुसऱ्याच दिवशी झाली. रविवारी आजोबांचा तिसरा स्मृतिदिन होता. सकाळी भंतेजी येऊन गेले, परित्राण पाठ झाला, विहाराच्या पटांगणात अर्ध्या वॉर्डाच्या पंगती उठल्या. दुपारी दोनच्या सुमारास घरचे आणि घरच्यासारखे असे पंधराएक जण सतरंजीवर उरले होते. मोठी आई शेवटच्या पंगतीला भात वाढत होती. पळसटोल्याच्या नगरपंचायतीत तिला निवडून येऊन तीन वर्षं झाली, तरी वाढायला तीच असते.

माझा प्रश्न ऐकून तिचा हात भाताच्या गंजावरच, त्या मोठ्या पातेल्यावरच थांबला.

पहिले हसले ते मोठे बाबा. म्हणजे तिचा नवरा, माझ्या बाबांचा मोठा भाऊ संघदीप. "तिनं तोंड उघडलं असतं तं मले कायले जा लागते व तिच्या संग!" म्हणाले. हे खरंच होतं. सीट बाईची निघाली म्हणून मोठी आई उभी राहिली. पत्रकावर फोटो तिचा होता आणि खाली मोबाइल नंबर मोठ्या बाबांचा. सगळे हसले. आजीसुद्धा बोळक्या तोंडानं हसली.

केवलराम भाऊ तेवढे हसले नाहीत. चौकात त्यांचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे, आणि त्यांच्या दोन मुली आमच्याच शाळेत आहेत. त्यांनी पत्रावळ बाजूला सरकवली, हात पुसला आणि खिशातून मोबाइल काढला.

"बोलते ना बाई. अशी बोलते का इचारू नका. वाचून दाखवू काय?"

"काय हाय ते?" मोठे बाबा म्हणाले.

"मागच्या सभेचं इतिवृत्त. एका मेंबरनं व्हॉट्सअॅपवर टाकलं." त्यांनी मोबाइल हात लांब करून धरला. "विषय क्रमांक सात. प्रभाग अकरा येथील विहारालगतच्या खुल्या जागेवर सुका कचरा वर्गीकरण शेड बांधणेबाबत. चर्चेअंती सर्वानुमते मंजूर. सूचक, सौभाग्यवती अल्का संघदीप शहारे." मग मोबाइल खाली ठेवला. "सूचक म्हंजे ज्यानं ठराव मांडला तो. बरोबर ना, प्रफुल्लभाऊ?"

प्रफुल्लभाऊ म्हणजे माझे बाबा. ते बुंदीच्या टोपल्याजवळ होते. त्यांनी मान हलवली, पण ती हो होती की नाही ते मला कळलं नाही.

ती जागा सगळ्या वॉर्डाची दुखरी जागा आहे. पळसटोला ग्रामपंचायत होती तेव्हा आजोबांनी ती मोकळी ठेवायला लावली. बिडी कारखान्यातून सुटले की संध्याकाळी तिथले दगड वेचायचे. आता तिथं मुलींची अभ्यासिका होणार, हा मोठ्या आईचा शब्द. निवडणुकीच्या शेवटच्या दिवशी विहाराच्या पायरीवर उभं राहून तिनं दिलेला एकुलता एक शब्द. आमच्या वॉर्डात एका खोलीत सहा माणसं झोपतात. विहाराच्या ओसरीत एका बल्बखाली आम्ही बारा जणी बसतो, आणि भजनाचा दिवस असला की उठतो.

"माझ्या दोन पोरी त्या शब्दावर बसल्या हायेत," केवलराम भाऊ म्हणाले. आवाज चढला नव्हता, आणि म्हणूनच ऐकवत नव्हता. "आन तुमीच तिथं कचरा आनून राहिल्या, बाई?"

"मी नाही मांडला," मोठी आई म्हणाली.

"मंग नाव कसं लिवलं?"

"मले नाही मालूम." ती गंज खाली ठेवून उभी राहिली. "मी तं नको म्हनलं होतं. उभी राहून म्हनलं."

सतरंजीवर कुणी जेवत नव्हतं आता.

"कवा?" मोठे बाबा म्हणाले. "मले तं नाही सांगितलं तू."

"तुमी त्या दिवशी ट्रॅक्टरचा पार्ट आनाले गोंदियाले गेले होते."

"मंग घरी आल्यावर?"

मोठी आई त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "घरी आल्यावर तुमी म्हनले असते, नंदलालभाऊले काय वाटंन."

नंदलालभाऊ म्हणजे नगराध्यक्ष. मोठे बाबा त्यांच्या गाडीत मागच्या सीटवर बसतात. केवलराम भाऊ उठले, आजोबांच्या फोटोला हात जोडले आणि गेले. त्यांनी बुंदी घेतली नाही.

आणि तेवढ्यात आजीनं विचारलं. तिला कमी ऐकू येतं, पण नेमकं ऐकू येतं. "इतिवृत्त का काय ते, लिवते कोन?"

सगळ्यांनी बाबांकडे पाहिलं.

*

पुढचं बाबांनी मला नंतर सांगितलं, तेही आई समोर बसली म्हणून. ते आता मी त्यांच्याच बाजूनं सांगते, कारण त्या दुपारी मी त्यांच्यावर भयंकर चिडले होते आणि माझ्या बाजूनं सांगितलं तर अन्याय होईल.

बाबा नगरपंचायतीत लिपिक. ग्रामपंचायत होती तेव्हापासूनचे, चौदा वर्षं. सभा कशी चालते? नंदलालभाऊ विषय वाचतात. कुणीतरी म्हणतं, ठीक आहे. मुख्याधिकारी मॅडम विषयपत्रिकेच्या कडेला पेन्सिलीनं 'मंजूर' लिहितात. पुढचा विषय. 'मी ठराव मांडतो', 'मी अनुमोदन देतो' असं पळसटोल्यात चौदा वर्षांत कुणीच म्हणालेलं नाही. पण नियमाला सूचक पाहिजे, अनुमोदक पाहिजे. बाबांना काम शिकवलं ते रामलाल बाबूंनी. ते निवृत्त होताना सांगून गेले, "ज्याचा वॉर्ड, त्याचं नाव सूचक टाकत जा. नालीचा विषय असो का पथदिव्याचा. मेंबरले बी बरं वाटते. वॉर्डात दाखवते, पाहा मी मांडला." अनुमोदक म्हणून शेजारच्या वॉर्डाचा.

यात कुणाचं कधी वाईट झालं नव्हतं. नाल्या झाल्या, दिवे लागले.

त्या दिवशी विषय सातच्या वेळी बाबा सभागृहात नव्हते. एक मेंबर हजेरीबुकावर सही न करता फोनवर बोलत व्हरांड्यात गेला होता, त्याला गाठायला गेले होते. परत आले तर आठवा विषय चालू, आणि कडेला पेन्सिलीनं लिहिलेलं, मंजूर. दोन दिवसांनी लिहायला बसले. विषय सात, प्रभाग अकरा. सूचक वहिनी. हात आपोआप चालला.

"तिथं वहिनी उभी राहून बोलली असन, हे माझ्या मनातच आलं नाही," बाबा म्हणाले. "आपल्या घरातलं मानूस. मनातच आलं नाही."

त्याच दुपारी घराच्या मागच्या अंगणात आजी, मोठे बाबा, मोठी आई, आई आणि बाबा असे सगळे बसले. मला हाकललं. मी खरकट्या भांड्यांजवळ गेले, तिथून सगळं ऐकू येतं.

"मंग खोडून टाक ना," आजी म्हणाली. "तूच लिवलं, तूच खोड."

"माय, सतरा मेंबरच्या घरी कॉपी गेली. आता नाही खोडता येत. शुक्रवारची सभा हाय. पहिलाच विषय असते, मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करनं. तवा मेंबरनं उभं राहून हरकत घेतली तं दुरुस्ती होते. एकदा कायम झालं का झालं."

"मंग घेन ना अल्का हरकत."

"घेतली तं मॅडम इचारतीन, हे कोनी लिवलं. मले नोटीस भेटन."

ग्रामपंचायतीतल्या कर्मचाऱ्यांना नगरपंचायतीत कायम सामावून घ्यायचं, ते समावेशन, बाबांच्या बाबतीत सात वर्षं अडकलेलं आहे. आता कुठे फाइल जिल्ह्याच्या ऑफिसात पोचली होती. त्या फाइलीत नोटीस लागली की ती पुन्हा कुठल्या कपाटात जाईल ते कुणालाच सांगता येत नाही.

"हे पाहा," मोठे बाबा म्हणाले, "इतिवृत्त राहू द्या. मी नंदलालभाऊशी बोलतो. शेडची जागा हळूच बदलवून घेऊ. प्रफुल्लचं बी काही होनार नाही."

"हळूच म्हंजे कवा?" आईनं विचारलं.

"बोलतो ना."

"भाऊजी, हळूच होते ते हळूच राहते."

"दीप्ती, तू मधात नको पडू," आजी म्हणाली. "नवऱ्याच्या नोकरीचा इचार कर."

मी भांड्याआडून डोकं काढलं. नळाच्या पाण्यावरून झालेल्या भांडणापासून आई आणि मोठी आई एकमेकींशी फक्त मीठ-साखरेपुरतं बोलतात, हे अख्ख्या घराला माहीत आहे. सगळे धरून चालले होते की आई बाबांच्या बाजूनं असणार. बाबासुद्धा.

आई म्हणाली, "नोकरीचाच इचार करून राहिली मी. मी बी रजिस्टरच भरते ना माय, अंगणवाडीचं. एखाद्या पोराचं वजन मी अंदाजानं लिवलं तं काय होते? ते पोरगं कागदावर लठ्ठ आन घरी उपाशी. मंग त्याले जास्तीचा आहार कोनी देत नाही." ती मोठ्या आईकडे वळली. "ताई, तुमी बोलल्या होत्या ना? खरंच?"

"बोलली."

"मंग ते लिवलं गेलं पायजे. कोनाचं काही हो."

"दीप्ती!" बाबा म्हणाले.

"तुमाले नोटीस भेटन. तुमी उत्तर द्यान. ताईले लोक पुढची दोन वर्षं इचारतीन, त्याचं उत्तर कोन देईन?"

मला तर टाळ्याच वाजवाव्याशा वाटल्या. पण मोठी आई उठली. पदर खोचला, रिकामा गंज उचलला आणि म्हणाली, "प्रफुल्लभाऊची फाइल अडकत असन तं मी नाही उठत शुक्रवारी. लोक काय, शिव्या देतीन आन थकतीन." आणि गेली.

*

सोमवारी शाळेत दुर्गेश्वरीनं विचारलं, "मंग? पूछा क्या?" मी म्हटलं, पूछा. पुढचं सांगितलं नाही. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मी एवढं मोठं काही सांगितलं नाही.

शाळा सुटल्यावर सरळ मोठ्या आईकडे गेले. ती अंगणात लाखोरीची डाळ पाखडत होती.

"तू काय बोलली होतीस?" मी विचारलं. "सभेत. शब्द न् शब्द सांग."

"जाऊ दे व."

"सांग ना. मला वक्तृत्वातलं कळतं."

ती हसली. सूप खाली ठेवलं आणि, आईशपथ, उभी राहिली. हात दोन्ही बाजूंना सरळ, शाळेत प्रार्थनेला मुली उभ्या राहतात तशी. "अध्यक्ष महोदय. त्या जागेवर पोरी अभ्यास करनार हायेत. कचरा दुसरीकडं न्या."

मी वाट पाहिली. "मग?"

"मंग काही नाही. पाय लटलट करत होते, खाली बसली. बाजूची मेंबर म्हनली, वहिनी, चहा घ्या."

"एवढंच?"

"एवढंच म्हंजे? तीन दिवस चुलीसमोर घोकत होती मी. तुझ्या मोठ्या बाबाले वाटे, मी भाजीशी भांडून राहिली." मग ती खाली बसली आणि डाळीतला खडा काढून फेकला. "काल तू इचारलं ना, तोंड उघडलं का म्हनून. मले वाटलं, हिले कोनीतरी सांगितलं असन. आता हे सगळ्यायसमोर म्हनन, माझी मोठी आई बोलली. मी गंजावर हात ठेवून तेच आयकायची वाट पाहून राहिली होती."

मी तिला मिठी मारली. सुपातली अर्धी डाळ सांडली. "पैज होती ती," मी म्हटलं. "दुर्गेश्वरीनं लावली होती."

"मालूम हाय. तुझं तोंड पाहूनच समजते, कोनाचं भाषन हाय ते."

तिनं मला सांडलेली डाळ वेचायला लावली. वेचता वेचता मी विचारलं, शेड वाईट आहे का? ती म्हणाली, "शेड कायले वाईट? घंटागाडीवरच्या बाया रस्त्याच्या कडंले उन्हात बसून प्लास्टिकच्या पन्न्या निवडतेत. त्यायले सावली नको का? मी नको म्हनलं ते जागेले." मी वक्तृत्वात हे कधीच शिकले नव्हते, की एका गोष्टीला हो आणि त्याच गोष्टीच्या जागेला नाही म्हणता येतं.

*

शुक्रवारची सभा मी पाहिली नाही. भूगोलाचा सराव पेपर लिहीत होते. मोठ्या आईनं सांगितली ती अशी.

दुपारी एक वाजता सगळे आले. ती नेहमीच्या खुर्चीवर बसली, उजवीकडून चौथी, पंख्याखाली. यावेळी मोठे बाबा बरोबर आले नाहीत. "डोकं दुखते" म्हणाले. बाबा मॅडमच्या मागे, बाजूच्या टेबलावर, फाइल उघडून. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. आलुबोंड्याचं ताट आत आलं होतं आणि वास सुटला होता.

नंदलालभाऊ म्हणाले, "विषय एक. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. कायम?"

वाचतं कुणीच नाही. 'कायम?' म्हणायचं, सगळ्यांनी 'कायम' म्हणायचं आणि ताट फिरवायचं, अशी पद्धत.

"कायम, कायम," सगळे म्हणाले.

मोठी आई गप्प बसली. ठरवूनच आली होती ती.

आणि बाबा उभे राहिले.

"साहेब, थांबा. विषय सात मध्ये चूक हाय."

बाबूनं सभेत बोलायचं नसतं. बाबूनं विचारलं तर कागद द्यायचा असतो. चौदा वर्षांत बाबांचा आवाज त्या खोलीत कुणी ऐकला नव्हता. आलुबोंड्याकडे गेलेले हात परत आले.

"प्रफुल्लबाबू," नंदलालभाऊ समजुतीनं म्हणाले. ते तसे वाईट नाहीत, आजोबांच्या अंत्यविधीला चिखलातून चालत आले होते. "बसा ना. तुमाले कोनी इचारलं काय?"

बाबा उभेच. पण नियम तो नियम. मेंबरनं विचारल्याशिवाय त्यांना पुढं बोलता येत नव्हतं. त्यांचे कान लाल झाले. मोठी आई सांगते, "मले त्यायचे पाय दिसत होते टेबलाखालून. माझ्यासारखेच लटलट करत होते. मंग मले काही सुचलंच नाही, मी उठली."

ती उठली आणि म्हणाली, "मी इचारते. वाचा, प्रफुल्लभाऊ."

"वहिनी, ऐनवेळच्या विषयात घेऊ ना आपन," नंदलालभाऊ म्हणाले.

"नाही. कायम व्हायच्या आधी."

मॅडमनी चष्मा काढला. नव्या आहेत, चार महिन्यांपूर्वी आल्या. "वाचा," म्हणाल्या.

बाबांनी वाचलं. सूचकाच्या नावापर्यंत आले आणि थांबले. मग एका दमात म्हणाले, "मॅडम, हे नाव मी अंदाजानं टाकलं. ज्याचा वॉर्ड त्याचं नाव टाकतो आमी. अल्काबाईनं ठराव मांडला नाही. त्यायनं विरोध केला होता. मी तवा व्हरांड्यात होतो, माझ्या कानावर आलं नाही. बाकी सगळे इथंच होते."

मॅडमनी सगळ्यांकडे पाहिलं. "माझं लक्ष लिहिण्यात होतं. यांनी विरोध केला होता का?"

कुणी छताकडे पाहिलं, कुणी ताटाकडे. मग बाजूची ती मेंबर, जिनं चहा घ्या म्हटलं होतं, हळूच म्हणाली, "केला होता मॅडम. मी आयकलं."

"मग ठराव मांडला कुणी?"

मॅडमनी इतिवृत्ताचा कागद स्वतःकडे ओढला.

"अनुमोदक म्हणून टेकचंदभाऊंचं नाव आहे. तुम्ही अनुमोदन दिलं होतं?"

बारा नंबर वॉर्डाचे टेकचंदभाऊ दचकले. "मी? मी तं त्या दिवशी भाच्याच्या लग्नाले होतो."

"हजेरीवर तुमची सही आहे."

"सही करून गेलो होतो ना."

मोठी आई म्हणते, त्यावर जे हसू फुटलं त्यात नंदलालभाऊसुद्धा होते. हसू थांबायच्या आत ती म्हणाली, "शेड पायजे मॅडम. बाया उन्हात बसतेत. पन जुन्या कोंडवाड्याची जागा पडून हाय. ढोरं आता कोनी कोंडत नाही. तिथं करा. अन विहाराजवळची जागा पोरीयसाठी ठेवा."

"हे सूचना म्हणून घेऊ? तुमच्या नावानं?"

"लिवा," मोठी आई म्हणाली. "आता माझंच नाव लिवा."

मॅडमनी तिच्यासमोर दुरुस्ती लिहायला लावली. विषय सात पुढच्या सभेत पुन्हा चर्चेला, सत्तावीस तारखेला. अल्काबाईंचा विरोध नोंदवला. कोंडवाड्याची सूचना नोंदवली. अनुमोदक, कोरा. आणि सभा संपल्यावर बाबांना आत बोलावलं.

*

नोटीस शनिवारी सकाळी आली. 'कारणे दाखवा', तीन दिवसांत. बाबांनी ती ओसरीत वाचली, घडी घातली, परत उघडून वाचली. आई शेजारी बसली होती, चहा निवत होता.

आजी भिंतीला टेकून म्हणाली, "या घरात सरकारी खुर्च्या दोन. दोनी तापवल्या तुमी. यादोराव असते तं..." आणि थांबली. आजोबा असते तर काय केलं असतं ते तिला माहीत होतं. म्हणून मग तिनं बाबांचा गार चहा उचलला आणि स्वतः आत जाऊन गरम करून आणला. आजीनं चहा गरम करून आणणं म्हणजे काय, ते या घरात राहिलं की कळतं.

मोठे बाबा फाटकातून आले. आठवडाभर कुणाशी धड बोलले नव्हते. बसले नाहीत. "अल्काच्या सूचनेले अनुमोदक रिकामा हाय म्हनते," म्हणाले. "टेकचंदच्या घरी जाऊन येतो. केवलरामले बी संग नेतो, त्याचं आयकते टेकचंद." मग भिंतीकडे बघत म्हणाले, "हे पहिल्यांदाच हाय का ते बोलली अन मी फिरून राहिलो. लोक हासतीन."

"हासू द्या," आई म्हणाली. "चहा घ्या, भाऊजी."

"आल्यावर." गेले.

मी बाबांसमोर जाऊन उभी राहिले. रविवारपासून पोटात होतं ते ओतलं. पैज, हातपंप, दुर्गेश्वरी, सगळं. "मी नसतं विचारलं तर तुम्हाला नोटीस आली नसती. फाइल अडकली ती माझ्यामुळे."

बाबांनी नोटीस मांडीवर ठेवली. "तुझ्यामुळं नाही. चौदा वर्षं मी लिवतो, अन कोनी वाचत नाही, असं समजून लिवतो. काल पहिल्यांदा मोठ्यानं वाचलं." "फाइल अडकन. थोडी अडकन. पन मले सगळ्यात जास्त लागलं ते हे, का एवढ्या जनायनं आयकलं अन कोनी सांगितलं नाही. मी इचारलं बी नाही."

"उत्तरात काय लिहिणार?"

"जे झालं ते. तुझी आई म्हनते, अंदाजानं काही लिवायचं नाही."

आईनं पेन त्यांच्याकडे सरकवलं आणि माझ्याकडे पाहिलं. "अन तू काय पुतळ्यासारखी उभी? सत्तावीसले तुझा गणिताचा सराव पेपर हाय ना? जा, पुस्तक काढ."

मी गेले नाही. वक्तृत्वात शिकवतात, महत्त्वाचं वाक्य म्हणायच्या आधी श्वास घ्यायचा. मी घेतला, आणि खरं सांगते, तालुक्याच्या स्पर्धेतसुद्धा एवढी घाबरले नव्हते.

"आई, बाबा, ऐका. मी ठरवलंय. सत्तावीस तारखेला मी पेपरला जाणार नाही. सरांना मी स्वतः सांगेन, नंतर लिहून देईन. त्या दिवशी मी सभेत जाऊन मागच्या बाकावर बसणार आहे, आमच्या ओसरीतल्या बाकी अकरा जणींना घेऊन. पहिल्या विषयापासून शेवटच्यापर्यंत. आणि मी तिथं एक शब्दही बोलणार नाही. नुसतं ऐकणार आहे."